बरगडीखालची जागा

सकाळी डोळे उघडले की जुई आईच्या तोंडाकडे बघायची नाही, आधी फोनकडे बघायची.

"आई, आज तू त्रेचाळीस आहेस!" पांघरुणातूनच तिची आरोळी यायची. "काल पंचेचाळीस होतीस. कुणी मारलं तुला?"

"कुणी नाही गं. ऊठ, दात घास."

"मारलंय. आकडा खोटं बोलत नाही."

अकरा वर्षांची पोरगी आणि बोलणं पंचाचं! मयूरी सिरसाट कढईत पोहे परतत राहायची. चौतिसावं वर्ष, अकोल्यातल्या जिल्हा बॉक्सिंग हॉलमध्ये घालवलेली अठरा वर्षं, डावा खांदा असा की कपाटाच्या वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला स्टूल घ्यावं लागायचं. त्यात आणखी हिच्याशी वाद घालायला अंगात जोर कुठून आणायचा?

पूर्वी जुई विचारायची, "आई, दुखतंय का?" मग फुंकर घालायची, कपाळाला हळद लावायची. आकडा घरात आला आणि ते विचारणं थांबलं. विचारायचं कशाला, फोनवर दिसतंय की.

आकडा म्हणजे शुद्धांक. सात वर्षांपूर्वी एका लढतीत एक पोरगा रिंगमध्ये पडला तो उठलाच नाही. त्यानंतर महासंघाने प्रत्येक बॉक्सरला नवा टीथगार्ड सक्तीचा केला. दिसायला जुन्यासारखाच, रबराचा, दातांवर घट्ट बसणारा. पण त्याच्या आत तांदळाच्या कणीएवढ्या दोन चकत्या असतात. एक चकती डोक्याला बसलेला प्रत्येक हिसका मोजते. दुसरी लाळ चाखते. ठोसा बसला की मेंदूतल्या नसांच्या धाग्यांना बारीक चिरा जातात, त्या चिरांमधून एक प्रथिन झिरपतं, ते रक्तात उतरतं आणि रक्तातून लाळेत येतं. लाळेत ते जितकं दाट, तितके तुम्ही शुद्ध हरपण्याच्या काठावर. या सगळ्यातून शंभरपैकी एक आकडा निघतो. चाळीसच्या खाली असाल तर किताबाची लढत नाही. लढत चालू असताना वीसच्या खाली गेलात तर कोपऱ्यातला हिरवा दिवा लाल होतो आणि तिथल्या तिथे हरलात. शिवाय रोज सकाळी पाच मिनिटं टीथगार्ड घालून घरचा आकडा महासंघाला पाठवायचा. तो घरच्यांच्या फोनवरही उमटतो, म्हणजे कुणी लपवालपवी करायला नको.

चांगलंच होतं ते. सात वर्षांत आशियाई किताबाच्या एकाही लढतीत कुणी आडवं पडलं नव्हतं. पण खेळ बदलला. आता कुणाला पाडायचं नसतं, समोरच्याचा आकडा उतरवायचा असतो. कपाळावर टिकटिक, टिकटिक, भिंतीवर खिळा ठोकल्यासारखं. पोटात मारून आकडा हलत नाही, त्यामुळे पोटात मारायचं कुणी शिकवेना आणि पोट झाकायचंही कुणी शिकेना.

तिला शिकवणाऱ्या तायडे सरांना ते बघवायचं नाही. सत्तरी गाठलेले, गळ्यात शिट्टी, डोक्याला कायम माकडटोपी.

"मयुरे, खांदा वर जात नसंल तं नको नेऊ," ते जुन्या पोत्यावर काठी आपटत सांगायचे. "खालून मार. बरगडीच्या खाली लिवर असते, तिले काय कोनी कुलूप लावलं हाये? आजकालचे पोट्टे अंगाले विसरून गेले. सारे डोक्याच्याच मांगं!"

"सर, त्याचे गुण कोण देतं?"

"गुन गेले खड्ड्यात. हान!"

म्हणून ती हाणायची. तक्रार करण्यापेक्षा ते सोपं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ती आमटीसाठी चिंच भिजत घालत होती. टीथगार्ड तोंडात होताच. चिंचेचा लहानसा गोळा तिने सहज जिभेखाली सरकवला. खोलीतून किंचाळी आली.

"आईऽऽ! तू एकसष्ट झालीस! एकसष्ट!"

जुई नाचत नाचत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. त्या दिवशी तिने फोन पुन्हा हातात घेतला नाही. तीन पोळ्या खाल्ल्या. रात्री एकदाही उठून आईचा श्वास बघायला आली नाही.

मयूरीला ते कळायला आठवडा लागला. आंबट लागलं की तोंडाला पाणी सुटतं, पातळ आणि भरपूर. प्रथिन तेवढंच राहतं, त्यात पाणी वाढतं आणि चकतीला वाटतं, वा, काय ठणठणीत बाई आहे! पाणी पिऊन फसवता येऊ नये याची सोय बनवणाऱ्यांनी केली होती. गार घोट लागला की टीथगार्ड दहा मिनिटं गप्प बसतो. पण ज्या थंड देशात तो घडला, तिथे दिवसभर चिंच चोखत बसणारं कुणी नसावं.

तेव्हापासून तिच्या ट्रॅकपँटच्या खिशात स्टीलची एक छोटी डबी असायची. पोरीला शांत झोप लागावी, एवढंच त्यामागे होतं. निदान सुरुवातीला तरी.

प्रमिषा लिम्बू तिला भेटली ती दोन वर्षांपूर्वी, डोंगरातल्या एका एकत्र सराव शिबिरात. नेपाळातल्या धरानची, वीस वर्षांची, हात पाण्यासारखे वाहणारे. एका सकाळी ही पोर बाथरूमच्या पायरीवर बसून हुंदके देत होती. आकडा अडतीस आला होता आणि दुपारच्या बसने तिला घरी पाठवणार होते.

मयूरीने डबी पुढे केली. "हे जिभेखाली ठेव. आणि पुन्हा मोजायला सांग."

प्रमिषाने चाखलं आणि नाक मुरडलं. "दीदी, ही तर चिंच! आमच्याकडे लप्सीचं फळ असतं, याहून आंबट."

"मग लप्सी खा. पण रडू नको."

दुपारची बस प्रमिषाला न घेताच गेली. पुढे ती जिंकत गेली, जिंकतच गेली, आणि गेल्या वर्षी फ्लायवेटची आशियाई विजेती झाली. फ्लायवेट म्हणजे एकावन्न किलोच्या आतल्यांची लढत. टीव्हीवर तिच्या खांद्यावरचा पट्टा बघून मयूरीला वाटलं होतं, यात चिमूटभर चिंच माझीसुद्धा आहे!

आणि आता काठमांडूत तिच्याशीच लढायचं होतं. ठरलेल्या मुलीचा आकडा ऐनवेळी घसरला आणि बारा दिवस आधी मयूरीला फोन आला. सगळ्यांना ठाऊक होतं की तिला कशाला बोलावलंय: विजेतीला घरच्या लोकांसमोर एक सोपी दुपार मिळावी म्हणून.

"पट्टा आणते आणि संपवते," निघताना ती जुईला म्हणाली होती. "पुन्हा कधीच नाही."

"आणि नाही आणलास तर?"

मयूरी बॅगेची चेन लावत राहिली. अठरा वर्षांत एकही पट्टा न मिळालेल्या माणसाला थांबायचं कसं ते कळत नाही. दरवेळी वाटतं, अजून एकदा.

वजनाच्या दिवशी प्रमिषा समोर आली आणि मयूरी दचकलीच. पोरगी उंचीला वाढली होती. एरवी तिचं वजन सत्तावन्न, ते एकावन्नवर आणायला तिने दीड दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सगळेच असं वाळतात, मयूरीही वाळायची. पण इतकं? गाल खोल गेलेले, ओठ दातांना चिकटलेले.

"दीदी, म्हातारी झालीस तू!" प्रमिषा हिंदीत म्हणाली आणि मिठी मारली.

"आणि तुझं लोणच्याच्या फोडीसारखं झालंय. पाणी पी वजन झाल्याबरोबर."

"पिते गं, आईसारखं नको बोलू."

फलकावर आकडे लागले. लिम्बू, ब्याऐंशी. सिरसाट, सेहेचाळीस. मयूरीच्या जिभेखाली अजून आंबट चव होती. प्रमिषाचे ब्याऐंशी कुठून आले, हे तिने स्वतःला विचारलंच नाही. विचारण्याएवढी ती ताजीतवानी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला हॉल गच्च भरला. "प्रमिषा! प्रमिषा!" करत लोक बाकं वाजवत होते.

पहिल्या चार फेऱ्या अपेक्षेप्रमाणेच गेल्या. टिकटिक, टिकटिक. प्रमिषाचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कपाळावर येऊन टेकायचा आणि मयूरीचा आकडा उतरायचा. चिंचेची चव कधीच धुऊन गेली होती, आता पडद्यावर दिसत होती ती खरी मयूरी. एकोणचाळीस. चौतीस. एकोणतीस. अकोल्यात जुई फोन घट्ट धरून बसली असणार, हे तिला ठोशापेक्षा जास्त लागत होतं. पाय ओल्या गोणपाटासारखे झाले होते. स्टुलावर बसली की उठूच नये असं वाटायचं.

"हात वर ठेव माय," तायडे सर तोंड पुसत म्हणाले. "मंग हरलो तरी चालते."

पाचव्या फेरीत दोघी एकमेकींना भिडल्या, गळ्यात गळा अडकला आणि मयूरीच्या नाकात वास शिरला. आंबट. ओळखीचा. त्यातच तिला जाणवलं की प्रमिषाचं अंग कोरडं आहे. पाचवी फेरी, माणसांनी तापलेला हॉल आणि पोरीच्या पाठीला घामाचा टिपूस नाही. कागदाला गाल लावावा तसं वाटलं.

"दीदी," प्रमिषा कानाशी जड जिभेने पुटपुटली, "ही कितवी फेरी?"

मयूरीने तिला आणखी घट्ट धरून ठेवलं.

तिने मान वळवून पाहिलं. प्रमिषाच्या कोपऱ्यात दिवा हिरवागार होता आणि पडद्यावर आकडा होता एकोणऐंशी.

तो आकडा खोटा होता, आणि तिथल्या हजारो माणसांत हे फक्त तिला माहीत होतं. शरीर फार वाळलं की मेंदूही थोडा आकसतो. कवटी तेवढीच राहते, आतली चीज लहान होते आणि तिला कवटीशी बांधणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. वजनानंतर घटाघटा पाणी प्यायलं तरी मेंदू एका दिवसात पुन्हा भरत नाही. अशा वेळी एरवी नुसती झिणझिणी आणणारा ठोसा ताणलेली शीर तोडू शकतो. हे टीथगार्डला दिसायला हवं होतं. पण त्याला दिसत होतं ते आंबट पाणी, आणि हा उपाय पोरीला शिकवला होता मयूरीनेच.

फेरी संपताच ती पंचाकडे गेली. "तिला बरं नाही. डॉक्टरांना बोलवा."

पंचाने पडद्याकडे बोट केलं. "एकोणऐंशी. तुझा चोवीस. तू स्वतःची काळजी कर."

तिच्या तोंडात चिंच असेल, लप्सी असेल, बघा, एवढंच बोलायचं होतं. ते बोललं की पुढचा प्रश्न येणार होता, तुला कसं ठाऊक? मग डबी निघणार, कालचे सेहेचाळीस निघणार आणि सगळं संपणार. ती स्टुलावर येऊन बसली.

"काय झालं वं?" सरांनी विचारलं.

"सर, पोरगी रिकामी झालीये. डोक्याला हात लावला तर जाईल."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. सगळं त्यांना समजलं नाही, पण अर्धं समजलं. "मंग नको लावू."

"मी अजून दोन खाल्ले की लाल. हरून मोकळी होते."

"तू हरशीन. मंग महिन्याभरानं तिच्यासमोर दुसरी उभी राहीन, अन् ते तं डोक्यावरच हानीन."

घंटा झाली.

सहाव्या फेरीत प्रमिषा पुढे आली तेव्हा तिचे हात खाली लोंबत होते. हनुवटी उघडी. एवढी उघडी हनुवटी मयूरीला अठरा वर्षांत कुणी दिली नव्हती! उजवा हात सवयीने आपणहून निघाला. एक सरळ ठोसा, सात वर्षांतला पहिला नॉकआउट, पट्टा खांद्यावर, जुई उड्या मारतेय.

हात अर्ध्यात थांबला. तेवढ्यात कपाळावर दोन ठोसे बसलेच. आकडा एकवीस झाला. आता एकच ठोसा उरला होता.

ती खाली वाकली. डावा खांदा वर जात नव्हताच, त्याला तिने वर नेलंच नाही. गुडघ्यातून जोर घेतला, कंबर वळवली आणि डावा हात खालून नेऊन प्रमिषाच्या उजव्या बरगडीखाली रुतवला.

क्षणभर काहीच झालं नाही. लिवरचा ठोसा असाच असतो, आधी विचार करतो. मग प्रमिषाचं तोंड उघडलं, आवाज निघाला नाही, आणि ती एका गुडघ्यावर बसली, मग दुसऱ्या. डोळे लख्ख उघडे होते. शुद्ध पुरती शाबूत, फक्त पाय ऐकत नव्हते. पंच मोजत होता आणि पडद्यावर एकोणऐंशी आकडा हिरवागार लुकलुकत होता. आठ. नऊ. दहा.

बाकं वाजवणारे हात जागीच थांबले आणि कोपऱ्यातल्या बादलीत बर्फ सरकल्याचं ऐकू आलं. सात वर्षांनी कुणीतरी आडवं पडलं होतं, आणि पाडणारी होती एकवीसवरची!

तायडे सर माकडटोपी हवेत फेकून रडत होते. मयूरीच्या खांद्यावर पट्टा आला. तो इतका जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

वैद्यकीय खोलीत प्रमिषा खाटेवर पडली होती. डॉक्टर तुलाधर, चष्मा कपाळावर ढकललेल्या मध्यमवयीन बाई, फोनवरचा आकडा बघून समाधानाने मान हलवत होत्या.

"पोटावरचा मार आहे, उतरेल. शुद्धांक उत्तम. संध्याकाळी घरी जा."

"डोकं दुखतंय," प्रमिषा म्हणाली.

"हरल्यावर सगळ्यांचंच दुखतं."

दारात पट्टा घेऊन उभ्या असलेल्या मयूरीने डोळे मिटले. आत्ता मागे वळलं तर खाली गाडी उभी होती. सकाळच्या विमानात पट्टा मांडीवर ठेवून बसता आलं असतं. तिला खूप झोप आली होती. इतकी, की खोटं पुढे रेटायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

ती आत गेली आणि स्टीलची डबी टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, माझा आकडा किती आहे आत्ता?"

"बावीस. का?"

तिने चिंचेचा गोळा जिभेखाली ठेवला, टीथगार्ड बसवला आणि खुर्चीत बसून राहिली. डॉक्टर फोनकडे बघत होत्या. अठ्ठावीस. सदतीस. पाचव्या मिनिटाला सत्तेचाळीस. त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं. हिला मीच शिकवलं." मयूरीने पट्टा डबीशेजारी ठेवला. "तिचा फोटो काढा डोक्याचा. आत्ता."

पुढे धावपळच झाली. दोन तासांनी डॉक्टर परत आल्या तेव्हा घामेजल्या होत्या. प्रमिषाच्या मेंदूवरच्या आवरणाखाली रक्ताची केसाएवढी रेघ दिसली होती. वेळेत सापडली, औषधांनी आवरेल. मात्र डोक्यावर आणखी एक बसला असता तर... त्यांनी चष्मा काढून पुसला.

पट्टा महासंघाने ठेवून घेतला. खोट्या आकड्यावर रिंगमध्ये उतरलेल्या दोघींचाही निकाल रद्द झाला. मयूरीचा परवाना गेला, आणि ज्यांनी ज्यांनी आंबट खाल्लं असेल त्या सगळ्यांची पुन्हा तपासणी सुरू झाली.

"पाऊण तास पट्टा होता आपल्यापाशी," तायडे सर बाकावर टेकत म्हणाले. "मी फोटो काढून घेतला. कोनी पुसलं तं दाखवीन."

"सर, रागावलात?"

"रागावलो ना. चिंच मले काहून नाही सांगितली? तीन वर्षं मी समजत होतो का माह्या शिकवन्यानं आकडा वाढून राह्यला!"

निघण्याआधी ती प्रमिषाच्या खाटेपाशी गेली. पोरीच्या हाताला सलाईन होतं. ओठ आता ओले दिसत होते.

"दीदी, माझी हनुवटी उघडी होती," प्रमिषा हळूच म्हणाली. "मला माहीत आहे. ठोसा मारला की हात पुन्हा वर येत नव्हते माझे. का नाही मारलंस?"

"खांदा वर जात नाही गं माझा."

"तो डावा. उजव्याला काय झालं होतं?"

मयूरीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "जास्त बोलू नको. झोप."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत फोन वाजला. पडद्यावर जुई, वेण्या घातलेली, शाळेच्या गणवेशात. मागे आजीच्या कुकरची शिट्टी.

"आई, तू जिंकलीस ना? मग बातमीत रद्द काय म्हणतायत? पट्टा कुठाय? आणि आजचा आकडा का नाही आला?"

"थांब. तुझ्यासमोर घालते."

तिने डोळ्यांदेखत टीथगार्ड दातांवर चढवला. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा घोटही गेला नव्हता. पाच मिनिटं दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. मग आकडा उमटला. बावीस.

"बिघडलंय हे," जुई म्हणाली.

"नाही. आजच चांगलं चालतंय. तीन वर्षं मी ते बिघडवत होते." आणि मग तिने चिंचेचं सगळं सांगितलं, पोळ्या आणि मिठीसकट.

जुईचा चेहरा आक्रसत गेला. "म्हणजे मी नाचले तेव्हा..."

"तेव्हाही चाळिशीतच असेन. कमीसुद्धा."

पोरगी रडेल, फोन आपटेल, असं मयूरीला वाटलं. जुईने तसं काही केलं नाही. तिने बोटाने पडद्यावरचा आकडा बाजूला सारला. आता तिथे फक्त आईचा चेहरा राहिला, डाव्या डोळ्याखाली निळा, कपाळावर टेंगूळ आलेला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, जवळून, फोनला नाक लागेल इतक्या जवळून.

"आई," तिने विचारलं, "दुखतंय का?"

नाही गं, हे मयूरीच्या जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

"कुठे कुठे?"

मयूरीने पाठ उशीला टेकवली आणि खांद्यापासून सांगायला सुरुवात केली.